गाइड टेबलाचं ऐकतो

प्रिय डॉक्टर,

तू कुत्र्याचा खुब्याचा सांधा बदललास, त्याचा एक्सरे आधी फोनवर पाहिला, मग संगणकावर मोठा करून. स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडातला दांडा, छान बसलाय. कप, म्हणजे चेंडू ज्यात फिरतो ती वाटी, मात्र जास्त उघडा आहे. कपाचा कोन दाखवणारा गाइड 45 अंशच दाखवत होता म्हणतेस, ते खरंच असेल. पण गाइड टेबलाचं ऐकतो, कुत्र्याचं नाही. कूस वळून ओटीपोटाचं हाड (पेल्व्हिस) 10 अंश कललं, तर गाइडवर 45 आणि कुत्र्यात 55. मग चेंडू वरच्या बाजूने निसटायला वाट मिळते.

हे मी शिकलो ते दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतल्या एका लॅब्रॅडोरवर. सुरुवातीला मी त्याला अगदी नीट बांधला होता. पण मांडीचं हाड बाजूला घेताना मदतनिसाने पाय ओढला आणि पायाबरोबर ओटीपोटही वळलं. वर हिरवी चादर, दिसणार काय? सातव्या दिवशी सांधा निखळला, पुन्हा उघडून कप बदलावा लागला. चूक माझीच.

तेव्हापासून कप ठोकण्याआधी मी थांबतो. चादरीवरूनच एक बोट इलियमच्या, म्हणजे ओटीपोटाच्या हाडाच्या पुढच्या भागाच्या, कडेवर, दुसरं बैठकीच्या हाडावर ठेवतो आणि भूलवाल्याला चादरीखाली वाकून बघायला लावतो. दोन मिनिटं जातात, जाऊ देत. कपाला 15 ते 25 अंश मागचा कल द्यायचा असतो, त्याचा हिशेबही ओटीपोट सरळ असेल तरच जुळतो.

मांडीच्या हाडाचं थोडक्यात सांगतो. हाड आतून कोरायचा रीमर बाहेरच्या अंगाला ठेव, आत घेतलास की स्टेम तिरका जातो. ठोकताना कान उघडे ठेव. आवाज अचानक बदलला किंवा स्टेम एकदम सहज सरकला, तर हातोडी खाली ठेवून आधी चीर शोध. चिरलेलं हाड बांधायला तार हाताशी असू दे. आणि एक्सरेत मोजपट्टी न ठेवता साइज ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

तुझ्या पेशंटचा सांधा जागेवर आहे, त्यामुळे आज घाई नको. दोन महिने पट्ट्यावरच, लघवीलासुद्धा. जिना बंद, सोफा बंद. गंगापूर रोडच्या त्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरायला सांग, मालकीणबाई कुरकुरतील तरी सांग. पाय अचानक आखूड वाटला किंवा टेकेनासा झाला, तर रात्रीही फोन कर.

पुढच्या केसला मला बोलाव. सुरी तुझीच, मी फक्त वाळूच्या पिशव्या लावीन.

तुझा,
सर