वर्ल्ड असोसिएशन फॉर मेडिकल लॉ वर्षभर करते काय? डॉक्टरविरुद्धची तक्रार तिथे चालते का?

तक्रार चालत नाही. ही अभ्यासकांची संस्था आहे आणि तिचं वर्ष फिरतं जागतिक परिषदेभोवती. पहिली परिषद १९६७ साली बेल्जियममधल्या गेंटला भरली. पुढे ती दोन-तीन वर्षांनी व्हायची, नंतर जवळजवळ दरवर्षी होऊ लागली: २०१७ बाकू, २०१८ तेल अवीव, २०१९ टोकियो. मग कोविड आडवा आला. वकील, डॉक्टर, न्यायवैद्यकवाले तिथे रुग्णाची संमती, हलगर्जीपणा, इच्छामरण यांवर निबंध वाचतात. एरवी ‘मेडिसिन अँड लॉ’ हे त्रैमासिक, आणि पुढच्या परिषदेची जुळवाजुळव. भारतात तक्रार राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे किंवा ग्राहक आयोगाकडे करा. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथलं प्रकरण ग्राहक आयोगात बसत नाही.