दुखण्यावर पीएचडी करायला माँट्रियलला जावं का, या प्रश्नाला माझं लांबलेलं उत्तर

भाऊ, तुम्ही विचारलंत की तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात, यवतमाळमधल्या घाटंजीकडे सिकलसेलचे (तांबड्या पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट रोज बघता, त्यांच्या जुनाट दुखण्यात मेंदूचा भाग किती यावर पीएचडी करायची आहे. कॅनडातल्या माँट्रियलच्या एका लॅबने होकार दिलाय, बायको आणि ६ वर्षांची मुलगी सोबत येणार, तर जावं का? मी दारव्हा तालुक्यातली. माँट्रियलमध्येच, याच विषयात पीएचडी केली आणि इथेच राहिले. व्हिसा, फी, शिष्यवृत्ती हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

कागदांबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं, पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव. या तिघी एकच बाई आहेत हे पटवायला प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्र झालं, तरी विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट निघेना, कारण पाकिटावर सही करणारे साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. शेवटी पाकीट निघालं, तर सील लावायला विसरले म्हणून इकडून परत. अजून आठवलं की डोकं तापतं. तुमची नावं आत्ताच, तिघांचीही, एकसारखी करून घ्या. क्वेबेक या इथल्या प्रांताचं संमतिपत्र वेगळं आणि कॅनडाचा परवाना वेगळा, दोन्ही ठिकाणी तेच नाव लागतं.

आता विषय. दुखण्याच्या अभ्यासात माँट्रियलचं नाव उगाच नाही. १९६५ साली वॉल या संशोधकासोबत ‘गेट कंट्रोल’चा सिद्धांत मांडणारे मेलझॅक इथल्या मॅकगिल विद्यापीठातले. दुखापतीचा संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त केला जातो आणि त्यात मेंदूचाही हात असतो, हे तेव्हापासून मान्य होत गेलं. १९९७ साली रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी याच शहरात लोकांचे हात तापलेल्या पाण्यात बुडवून संमोहनाने फक्त ‘नकोसेपणा’ कमी-जास्त केला. पाणी तेवढंच गरम, पण मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागातली हालचाल बदलली. स्पर्श नोंदवणारा भाग जवळजवळ तसाच. (पाणी ४७ अंशांचं होतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातली हवा मला आठवलीच, पण हवेचं आणि पाण्याचं गणित वेगळं.)

कंबरेचं तर अजून गमतीचं. आपल्याकडे एमआरआयच्या कागदावर ‘गादी झिजली’ आलं की बाई आयुष्यभर ते वाक्य जपते. पण २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्याच निघाल्या. शिकागोत २०१२ साली नव्याने कंबर धरलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं. कुणाचं दुखणं टिकणार याचा अंदाज मेंदूवरून आला. कपाळामागचा भाग आणि न्यूक्लियस अक्युम्बेन्स (बक्षीस, ओढ यांच्याशी जोडलेला मेंदूतला खोल भाग) हे ज्यांच्यात सुरुवातीपासून जास्त जोडलेले होते, त्यांचं दुखणं टिकलं.

हे सगळं पहिल्या सुट्टीत मी मायला उत्साहाने सांगितलं. तिने पोटाला ओटी बांधून तीसेक हंगाम पऱ्हाटीत काढलेत, टोंगळे (गुडघे) आणि कंबर दोन्ही गेलंय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे मी सोंग करून राह्यली का?” मी म्हटलं, नाही गं, दुखणं खरंच असतं, सगळ्यांचंच दुखणं मेंदूतून येतं. तिला पटलं नाही. पुढे परिषदांमध्ये मी टाळ्या घेतल्या, पण त्या प्रश्नाला बरं उत्तर मला आजही देता येत नाही. तुमच्या पेशंटना तर ‘नाटकं करतो’ हे आधीच ऐकवलं जातं. २००८ साली व्हर्जिनियातल्या २३२ प्रौढ सिकलसेल रुग्णांच्या रोजनिशीचा अभ्यास छापून आला. निम्म्याहून जास्त दिवस दुखणं होतं आणि त्यातले बहुतेक दिवस त्यांनी घरीच काढले. दवाखान्याच्या नोंदीत ते दिवस येतच नाहीत. हे तुम्हाला घाटंजीत दिसतं, इथल्या लॅबमध्ये दिसणार नाही. शिवाय स्कॅनरमध्ये तासभर न हलता उताणं पडावं लागतं. ज्याचं सगळ्यात जास्त दुखतं तोच अभ्यासातून गळतो.

मुलीची शाळा. इथे १९७७ च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंचच. तात्पुरत्या परवान्यावर इंग्रजी शाळेची सवलत मागता येते, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीच तीन वर्षांपुरती. माझा मुलगा नवख्यांच्या स्वागतवर्गात गेला आणि कित्येक महिने एक शब्द बोलला नाही. नवीन भाषेत पडलेली मुलं असा मौनाचा काळ काढतात, हे पाठ्यपुस्तकात आहे. तरी शाळेने मला बोलावून ‘बौद्धिक वाढ तपासून घेऊ’ असं सांगितलं, आणि घरी मराठी बंद करा असंही. मी मेंदूविज्ञानाची विद्यार्थिनी, पण त्या छोट्या खुर्चीवर बसून ‘हो’ म्हणत राहिले, कारण माझं फ्रेंच त्याच्यापेक्षा कच्चं होतं. मराठी बंद केली नाही. तो आता सोळाचा आहे, तीन भाषांत भांडतो. त्या बाईंना एकदा भेटून त्याचं प्रगतिपुस्तक दाखवावं असं मला अजून वाटतं. बालिश आहे, पण वाटतं.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, थंडीत जास्त. कोट घ्या, कुणाच्या तरी घरी जेवायला जा. पुढे.

तुम्ही लिहिलंत, ‘शिकून परत येईन, माझ्या माणसांसाठी.’ मीही लोकांना हेच सांगत आले की मायच्या कंबरेसाठी हा विषय घेतला. खरं म्हणजे मला गावातून निघायचंच होतं. लग्न झालं, निंदणाचे दिवस संपले, तरी त्या अंगणात माझा जीव गुदमरत होता. मायची कंबर हे कुणालाच नाही म्हणता न येणारं कारण होतं. तिला हे माहीत असावं. फोनवर विचारलं की म्हणते, “मले काई झालं नाही, तू तुह्यं पाय.” तुमचं सिकलसेल हे कारण आहे की तिकीट, ते तुम्ही बघा. तिकीट असलं तरी या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मग परतीचं वचन आईवडिलांना देऊ नका.

आणि खरंच कारण असेल, तर होकार कळवायच्या आधी लॅबच्या प्रमुखांना एकच विचारा: माझ्या अभ्यासातला एक भाग विदर्भातल्या पेशंटवर करता येईल का? आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. नागपूरच्या डॉक्टरांचा अनुभव तसा नाही, हे लॅबच्या प्रमुखांना सांगा. परदेशी संस्थेसोबत काम म्हटल्यावर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. त्यात वेळ जातो, म्हणून पहिल्याच वर्षी अर्ज टाकावा लागेल. प्रमुख बाई नुसतं ‘बघू’ म्हणाल्या, तर मला कळवा. या शहरात असं काम करणाऱ्या आणखी कुणाला विचारता येईल ते मी बघते.