वाचकांचे प्रश्न : हिंदी महासागरातल्या बेटांचे खेळ

प्रश्न (रत्नागिरी) : रियुनियन हा स्वतंत्र देश नाही. मग हिंदी महासागरी बेटांच्या क्रीडास्पर्धेत त्याचा वेगळा संघ कसा?

उत्तर : स्पर्धा बेटांची आहे, केवळ सार्वभौम देशांची नाही. मुळात कल्पनाच रियुनियनच्या ऑलिंपिक समितीची आणि 1979 मधली पहिली स्पर्धाही तिथेच झाली. आज मॉरिशस, सेशेल्स, कोमोरोस, मादागास्कर, मालदीव, रियुनियन आणि मायोट असे सात संघ उतरतात. शेवटचे दोन फ्रान्सच्या ताब्यातले. त्यातल्या मायोटवर कोमोरोसचा दावा आहे, कारण 1975 मध्ये कोमोरोस स्वतंत्र झाला तेव्हा मायोट फ्रान्सकडेच राहिले. 2015 मध्ये रियुनियनला मायोटचे खेळाडू फ्रान्सच्या झेंड्यामागे चालले म्हणून कोमोरोसने पथकच मागे घेतले. एका संचलनापायी इतक्या खेळाडूंची तयारी वाया गेली, हे फार वाईट झाले.

प्रश्न (सातारा) : सेशेल्सची वस्ती लाखाच्या आसपास, मादागास्करची जवळपास तीन कोटी. लहान बेटांना पदके मिळतात तरी कशी?

उत्तर : खेळ निवडून. फुटबॉलचा अख्खा संघ जिंकला तरी तक्त्यात सुवर्ण एकच पडते. जलतरणात एकटा खेळाडू चार-पाच शर्यती मारू शकतो, भारोत्तोलनात आणि ज्युदोत प्रत्येक वजनगटाला वेगळे पदक असते.

प्रश्न (पुणे) : यजमान सारखे का बदलतात?

उत्तर : 2019 ची स्पर्धा कोमोरोसला दिली होती, ती मॉरिशसमध्ये झाली. 2023 ची मालदीवकडे होती, ती मादागास्करने घेतली. दोन्ही वेळी अडले ते बांधकामापाशी. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा पोहण्याच्या तलावाला 25 लाख लिटर पाणी लागते. मालदीवसारख्या ठिकाणी, जिथे पिण्याचे पाणीही समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते, तिथे हा आकडा साधा नाही. शिवाय वेळ मोजणाऱ्या टचपॅडची जाडी प्रत्येकी सेंटिमीटरभर. भिंती नेमक्या 50 मीटरवर बांधल्या आणि मग दोन्ही टोकांना पॅड लावले, तर तलाव आखूड पडतो आणि तिथला विक्रम मान्य होत नाही. म्हणून ते दोन सेंटिमीटर बांधतानाच धरायचे; उणे एक मिलिमीटरही चालत नाही, किंचित वाढीव चालते.

शर्यतीच्या धावपट्टीची गोष्ट याहून नाजूक. खालचा डांबरी थर साधारण चार आठवडे मुरू द्यावा लागतो, त्यानंतर वरचा तेरा-एक मिलिमीटरचा सिंथेटिक थर. घाई केली किंवा पाऊस आला तर ओल आत अडकते, फुगे येतात आणि थर सुटतो. पावसाचे महिने वजा करून वेळापत्रक आखले नाही तर काम हमखास लांबते. साहित्य जहाजाने येते, पट्टी अंथरणारे कारागीरही बाहेरून येतात. एक खेप चुकली की महिना गेला. मॉरिशसने 2019 साठी कोत दोरचे क्रीडासंकुल नव्याने उभारले, पण त्याच्याकडे आधीच्या दोन स्पर्धांची मैदाने होती. कोमोरोसला सगळे शून्यापासून करायचे होते. आता 2027 चे यजमानपद पुन्हा त्याच्याकडे आहे आणि ते त्याला निभावता यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न (नाशिक) : 2023 च्या उद्घाटनाला चेंगराचेंगरी झाली. गर्दीत माणसे मरतात ती तुडवली जाऊन का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. 25 ऑगस्ट 2023 ला मादागास्करची राजधानी अंतानानारिव्होच्या महामासिना स्टेडियमच्या दारात किमान 12 जण गेले. जून 2019 मध्येही याच स्टेडियमच्या दाराशी माणसे चेंगरून मेली होती. चौरस मीटरला चार माणसांपर्यंत आपण आपल्या पायांनी चालतो; सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाते. पुढे दार बंद असल्याचे मागच्यांना कळत नाही, ते ढकलतच राहतात. म्हणून तिकिटे दारापाशी न तपासता बरीच अलीकडे तपासावीत, दारे तीन-चार तास आधी उघडावीत आणि दार बंद करण्यापूर्वी मागची रांग थांबवावी. क्रम उलटा झाला की घात होतो.

स्वतः अडकलात तर हात छातीसमोर दुमडून धरा, म्हणजे फासळ्यांना हलायला जागा राहते. लोंढ्याच्या विरुद्ध जाऊ नका. धक्का ओसरला की तिरपे कडेला सरका. पायातली चप्पल निसटली तरी ती उचलायला वाकू नका.