होडीचे इंजिन बंद पडते, तेव्हा आधी टाकीची हवा पाहा
होडीचे इंजिन काही मिनिटांनी मरगळते आणि प्राइमरचा रबरी फुगा (टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलण्याचा) चपटा होत असेल, तर अडथळा बहुधा टाकीच्या बाजूला असतो. त्यामुळे कार्ब्युरेटर उघडण्याची घाई करू नये. जेवढे पेट्रोल टाकीतून जाते तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आतील दाब उतरून पंपाची ओढ अपुरी पडते. सुट्या टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा असावा (तो बंदच राहणे फार सामान्य आहे). बसवलेल्या टाकीचे झाकण सैल करताच इंजिन सुधारले, तर दोष व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या, नळीत आहे: तोंडाशी साचलेले मीठ, कुंभारमाशीचे घर, किंवा नळीला पडलेला झोळ, ज्यात पेट्रोल साचून हवेची वाट अडते. फरक न पडल्यास ओढनळीची (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीची) जाळी व अँटी-सायफन झडप (टाकीतील पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारी) तपासावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते. ठिणगीने ती पेटू नये म्हणून नळ्या सोडवण्यापूर्वी बॅटरी बंद करावी.