कॅम्परव्हॅनमध्ये जुने सागवानी सामान बसवावे, की ठेव मोडून नवे करावे?

प्रश्न : मी नाशिकचा, 62 वर्षांचा निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी आम्ही पतीपत्नींनी खासगी नोंदणीची एक वापरलेली कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली. आतील लाकूडकाम खिळखिळे झाले आहे. ते नव्याने करण्यासाठी गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कारागिराने 3,40,000 रुपये सांगितले आहेत, त्यासाठी 7.1 टक्के व्याजाची, दोन वर्षे मुदत उरलेली चार लाखांची ठेव मोडावी लागेल. दुसरीकडे, पाडल्या जाणाऱ्या एका वाड्यातील पेटी-बाकडे, खणांचे कपाट आणि दुमडते टेबल 38,000 रुपयांत मिळत आहे. निवृत्तिवेतनातून दरमहा 22,000 रुपये शिल्लक राहतात. काय करावे?

उत्तर : ठेव मोडू नये आणि वाड्यातील सामान घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र आपण मनात धरलेली तीन लाखांची बचत प्रत्यक्षात होणार नाही, आणि ती का होणार नाही हे व्यवहारापूर्वीच पाहिलेले बरे.

38,000 रुपये ही घरात ठेवायच्या सामानाची किंमत आहे. चालत्या गाडीत बसवलेल्या सामानाची नव्हे. टेम्पोभाडे 4,000 धरा. सुतार आणि मदतनीस यांची रोजची मजुरी 2,400 रुपये धरली, तर बारा दिवसांचे 28,800 होतात. पोलादी कोन, नटबोल्ट, घाटात खण आपोआप उघडू नयेत म्हणून लागणारे खटके आणि खण सरकण्यासाठीचे नवे चॅनेल यांसाठी 18,000, वाळवीप्रतिबंधक औषध व पॉलिशसाठी 7,000, आणि नव्या फोमसह कव्हरसाठी 22,000 धरावेत. बाकड्याची जुनी गादी फुकट मिळाली तरी घेऊ नका, ढेकूण गाडीत एकदा शिरले की निघत नाहीत. ही बेरीज 1,17,800 रुपये होते आणि जुन्या लाकडात काम वाढतेच, म्हणून आणखी पंधरा टक्के धरून मी 1,35,000 हा आकडा गृहीत धरतो. म्हणजे खरी बचत सुमारे दोन लाखांची. ती रक्कम ठेवीत राहिली, तर दोन वर्षांत तिच्यावर सुमारे 30,000 रुपये व्याज मिळेल. मुदतीआधी ठेव मोडल्यास बँक साधारणपणे जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर लावते आणि त्यातूनही दंड वजा करते, तो तोटा वेगळाच.

नव्या लाकूडकामावर घातलेले पैसे गाडी विकताना परत मिळतील, ही अपेक्षा ठेवू नये. विकत घेणारा इंजिन, टायर आणि कागदपत्रे पाहतो. आतील सनमायका नवा आहे म्हणून तो लाखभर रुपये जास्त मोजत नाही. भाड्याने देऊन खर्च भरून काढू, असाही विचार मनात येईल. महाराष्ट्राने 2021 मध्ये अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले असले, तरी खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही.

पैशांपेक्षा मला वजनाची चिंता अधिक वाटते. सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरतो. सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक इंच जाडीची एकच फळी 14 किलोच्या आसपास जाते, आणि वाड्यातील कपाटात अशा किती फळ्या असतात ते आपण पाहिलेच असेल. त्यात शंभर लिटर पाण्याची टाकी भरली, की आणखी शंभर किलो. म्हणून विसार देण्यापूर्वी गाडी पाण्यासह आणि नेहमीच्या सामानासह वजनकाट्यावर न्यावी, आणि येणाऱ्या आकड्याची नोंदणी प्रमाणपत्रावरील कमाल वजनाशी तुलना करावी. फरक कमी असेल, तर कपाट अखंड बसवू नका. दर्शनी दारे आणि खण तेवढे वापरून मागची बाजू 6 मिलिमीटरच्या प्लायची करून घ्या. माझ्या मते जुने सामान गाडीत वस्तू म्हणून नव्हे, तर लाकूड म्हणूनच घ्यावे.

पाहणीच्या वेळी खण पूर्ण बाहेर काढून तळाशी पाहावे. तेथे बारीक पिठासारखी भुकटी दिसली, तर भुंगा लागलेला आहे, आणि मग 38,000 काय, 10,000 रुपयांतही ते सामान महागच पडेल.

बाकडे बसवताना मूळ आसने काढावी लागणार असतील, तर आधी आरटीओत चौकशी करावी, कारण नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार परस्पर करता येत नाहीत. झालेला बदल विमा कंपनीलाही लेखी कळवावा. अपघातानंतर दावा अडकला, तर दोन लाखांच्या बचतीला काही अर्थ उरणार नाही.

दरमहा उरणारे 22,000 रुपये सहा महिन्यांत 1,32,000 होतात, म्हणजे कर्जही नको आणि ठेवीलाही हात लावायला नको. सामान पहिल्या दोन महिन्यांत उचलून घरी कोरड्या जागी ठेवावे, प्रथम झोपण्याचे बाकडे पक्के करून एक छोटा प्रवास करावा, आणि कपाट कोठे हवे ते त्या प्रवासानंतरच सुताराला सांगावे.