सहा आठवड्यांवर पहिली क्रॉस-कंट्री शर्यत आहे, सायकलीत आधी काय बदलू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १३ किलोची, २९ इंची अॅल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे झटके शोषणारी माउंटन बाइक) आहे, पुढे १०० मिलिमीटर दबणारा फोर्क, टायरमध्ये अजून ट्यूब. सहा आठवड्यांनी पहिली शर्यत. खर्च एकाच गोष्टीवर करता येणार आहे. कोणी म्हणतं हलकी कार्बनची चाकं घ्या, कोणी म्हणतं फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे झटके शोषणारी सायकल) नसेल तर नाव नोंदवूच नका.

टायर बदला. दोन चांगले टायर घ्या, ते ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करून घ्या आणि राहिलेले सहा आठवडे त्यांत नेमकी किती हवा ठेवायची हे शोधण्यात घालवा. बाकी सायकल आहे तशी राहू द्या. नऊ वर्षं हौशी गटात शर्यती करतोय, त्यातून पटलेली ही गोष्ट आहे, आणि ती मला कोणी सुरुवातीलाच सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

आधी फुल सस्पेन्शनचं बघू. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावी २९ इंची फुल सस्पेन्शनवर होता आणि नीनो शुर्टर २७.५ इंची हार्डटेलवर. चाकाचा आकार वेगळा, सायकलीची जातच वेगळी. दोघं जवळपास दीड तास एकमेकांना झोंबले आणि कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. त्यानंतरच्या वर्षांत मार्ग जास्त खडबडीत होत गेले, २९ इंची चाक सगळीकडे रुळलं आणि वरच्या पातळीवर फुल सस्पेन्शन नेहमीचं झालं, हे खरंच आहे. पण हौशी शर्यतीचा मार्ग त्या मानाने सौम्य असतो, आणि पहिल्या शर्यतीत तुमच्या पुढे जाणारे बहुतेक जण सायकलीमुळे पुढे गेलेले नसतील.

आता वजनाचा हिशेब मांडू. तुम्ही ७० किलोचे आहात असं धरू, म्हणजे सायकलीसकट ८३. चाकं बदलून एक किलो वाचला (एवढा सहसा वाचत नाही) तर एकूण वजन साधारण सव्वा टक्क्याने कमी झालं. खड्या चढावर लागणारा वेळ जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत पाच मिनिटांचा चढ, म्हणजे २० मिनिटं चढण. त्यात वाचले पंधराएक सेकंद. वळणावर एकदा घसरून पडलात, उठलात, उडालेली चेन बसवून पुन्हा पेडलवर पाय ठेवलात की ते पंधरा सेकंद गेले, वर आणखी पंधरा गेले. आणि ट्यूब पंक्चर झाली तर सराव असलेल्या माणसालाही पाच मिनिटं लागतात. म्हणून मी टायरपाशी अडून बसतो. तुमचे सगळ्यात जास्त सेकंद तिथे सांडतात.

ट्यूब असलेल्या टायरचा त्रास असा की हवा कमी ठेवली तर दगडावर टायर दबतो, ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ते टाळायला माणूस हवा वाढवतो. हवा वाढली की टायर टणक होतो. मग बारीक दगड, मुळं त्याच्यात सामावत नाहीत, प्रत्येक दगड तुम्हाला आणि सायकलीला वर उचलतो. त्या उचलण्यात तुमची ताकद जाते आणि चाक क्षणभर जमिनीवरून सुटतं. डांबरावर टणक टायर पळतो म्हणून खडकाळ पायवाटेवरही पळेल असं वाटतं, पण तिथे उलटं होतं. मऊ टायर दगडाभोवती वाकतो आणि सायकल पुढे जात राहते.

माझी दुसरी शर्यत याच भीतीने गेली. सराव २७ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) केला होता. शर्यतीच्या सकाळी पंक्चरची धास्ती बसली आणि पंप हातात असल्यामुळे दोन्ही टायर ३५ पर्यंत भरले. पहिल्याच फेरीत ओल्या मुळांवर पुढचं चाक निसटलं, दुसऱ्या फेरीत त्याच जागी पुन्हा. मार्ग तोच, सायकल तीच, आदल्या दिवशी त्या मुळांवरून मी न थांबता तीनदा गेलो होतो. घरी आल्यावर सगळ्यात आधी ट्यूबा काढल्या.

ट्यूबलेसमध्ये चिमटा बसायला ट्यूबच नसते आणि काट्याचं भोक आतला पातळ द्रव, म्हणजे सीलंट, बुजवतो. तुमची रिम ट्यूबलेससाठी बनलेली आहे का ते आधी बघा. असेल तर रिम टेप, व्हॉल्व्ह आणि २९ इंची टायरला प्रत्येकी ८० ते १०० मिलिलिटर सीलंट एवढंच लागतं. सीलंट वाळतो, हे मात्र विसरू नका. दोन-तीन महिन्यांनी, गरम हवेत त्याआधीच, व्हॉल्व्हची आतली सुई काढून बारीक काडी घालून बघायचं. काडी कोरडी आली तर तुमचा टायर ट्यूबलेस असूनही उघडा आहे. टायरची रुंदी २.२५ ते २.४ इंच ठेवा. पुढचा जरा जास्त पकडीचा, मागचा जरा कमी रबरी उंचवट्यांचा आणि मोकळा पळणारा. सगळ्यात हलका, कागदासारख्या पातळ कडांचा टायर घेऊ नका. तिथे वाचवलेले शंभर ग्रॅम पहिला धारदार दगड वसूल करतो.

हवेचा आकडा कोणाकडून उसना घेता येत नाही. सुरुवात म्हणून तुमच्या वजनाला पुढे २२ आणि मागे २४ पीएसआय धरा. मग तीन-चारशे मीटरचा एकच तुकडा निवडा, ज्यात दगड, एक उतार आणि एक वेगाचं वळण आहे. तो पुन्हा पुन्हा चालवा आणि प्रत्येक वेळी एक-एक पीएसआय कमी करत जा. कधीतरी दगडावर रिमचा ठक्क आवाज येईल, किंवा वळणात टायर कडेला लोळल्यासारखा वाटेल. तिथून दोन पीएसआय वर या. तो तुमचा आकडा. वहीत लिहून ठेवा, आणि ओल्या मातीसाठी वेगळा लिहा. मात्र मोजमाप दरवेळी एकाच गेजने करा. दोन पंपांचे काटे दोन-तीन पीएसआयने वेगळे दाखवतात, आणि या खेळात तेवढ्याने सायकल पूर्ण वेगळी वागते.

अजून एक गोष्ट, जी फार थोडे जण लक्षात घेतात. सकाळी गारव्यात हवा भरून सायकल उन्हात उभी ठेवली आणि टायर २० अंशांनी तापला, तर आतला दाब सुमारे अडीच पीएसआयने वाढतो. म्हणजे आठवडाभर मेहनत करून शोधलेला आकडा स्टार्ट लाइनवर उभं राहीपर्यंत हातातून गेला. सायकल सावलीत ठेवा आणि हवा शेवटी, रांगेत उभं राहण्याच्या थोडं आधी तपासा.

पंक्चर तरीही होऊ शकतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, तांत्रिक मदतीच्या जागेवर चाक बदलून घेईपर्यंत अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, आणि तरी त्याने शेवटच्या फेरीत व्हिक्टर कोरेत्झकीला मागे टाकून सुवर्ण जिंकलं. त्याच्यासाठी तिथे चाक हातात घेऊन माणूस उभा होता. तुमच्यासाठी कोणी नसेल, शिवाय ठरलेल्या जागेबाहेर दुसऱ्याची मदत घेतली तर बहुतेक शर्यतींत बाद करतात. म्हणून रबरी प्लग घालायचं छोटं हत्यार हँडलला किंवा फ्रेमला, हात पोचेल तिथे लावा. सोबत कार्बन डायऑक्साइडचं एक काडतूस आणि त्याचं तोंड. टायरमधून फवारा उडताना दिसला की भोक खालच्या बाजूला आणून चाक फिरवा, सीलंटला काही सेकंद द्या, नाही थांबलं तर प्लग खुपसा, मग हवा. घरी जुन्या टायरला खिळा मारून हे तीनदा करून बघा. शर्यतीत हात थरथरत असतात, पहिल्यांदा तेव्हा करायला जाऊ नका.

सायकलीचं बाकी भरभर सांगतो. सगळ्यात खड्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकूनही पाय रेटावे लागत असतील तर पुढची ३२ दातांची चेनरिंग काढून ३० ची लावा. गिअर सहा टक्के हलका होतो आणि खर्च किरकोळ. फोर्कमध्ये हवा अशी भरा की नेहमीच्या पवित्र्यात उभं राहिल्यावर तो २० मिलिमीटर दबेल. ब्रेक पॅड झिजले असतील तर आठवडाभर आधी बदला, नवे पॅड रुळायला वेळ लागतो. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) जादा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, घरात असू द्या, पडल्यावर तोच आधी वाकतो. आणि पुढेमागे पुन्हा खर्च करायची वेळ आली तर हलक्या चाकांच्या आधी बटण दाबून खाली जाणारा सीटपोस्ट, म्हणजे ड्रॉपर, घ्या. उतारावर सीट वाटेतून बाजूला झाली की शरीराला खाली जायला जागा मिळते. पण या शर्यतीआधी नको, त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

यानंतर ज्यावर वेळ खर्च करावा अशी एकच गोष्ट उरते: मार्ग आधी बघणं. आदल्या दिवशी मार्ग खुला असेल तर तीन फेऱ्या मारा. पहिली अगदी सावकाश. अवघड जागा आली की उतरा, सायकल बाजूला ठेवा आणि वर-खाली चालत बघा. चाक कुठून आत जाणार, कुठून बाहेर पडणार, ब्रेक कुठल्या दगडापाशी सोडायचा. दुसऱ्या फेरीत फक्त तेवढेच तुकडे, जमेपर्यंत. तिसरी शर्यतीच्या वेगाच्या जवळ, कारण दम लागलेला असताना तीच वाट अरुंद वाटायला लागते. एखादी उडी सरावात तीनपैकी एकदा चुकत असेल तर शर्यतीत बाजूची लांबची वाट घ्यायची हे तिथेच ठरवून टाका. पाच सेकंद जास्त लागतील, लागू देत.

आणि शर्यतीच्या सकाळी ती जागा पुन्हा एकदा बघा. टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत, २०२१ साली, मॅथ्यू व्हान डर पूल पहिल्याच फेरीत एका मोठ्या दगडावरून खाली येताना जोरात आपटला. सरावात तिथे उतरायला फळी होती आणि शर्यतीतही ती असेल असं त्याने धरलं होतं. फळी काढलेली होती. इतक्या वरच्या पातळीच्या सायकलपटूची शर्यत तिथे मोडली, तर आपण डोळ्यांनी बघून घ्यायला आळस का करावा?

सुरुवातीच्या क्षणाचा सराव मात्र वेगळा करा. क्रॉस-कंट्रीत सगळे एकदम सुटतात आणि थोड्याच वेळात एकेरी पायवाटेत शिरतात. तिथे शिरताना तुम्ही विसाव्या क्रमांकावर असाल तर पुढचा अर्धा चढ तुम्ही विसाव्या माणसाच्या वेगाने चढणार, कारण ओलांडायला जागा नसते. त्यासाठी २० मिनिटं अंग गरम करून, त्यात दोन-तीनदा जोर लावून, मग रांगेत उभे राहा. मधला गिअर आधीच टाकलेला, एक पाय पेडलवर, दुसरा पाय न बघता क्लिपमध्ये बसला पाहिजे. पण पायवाटेपर्यंत सगळा दम उधळू नका. पहिल्या चढाच्या मध्यावर ज्यांचे पाय बसतात त्यांतले बहुतेक पहिल्या दोन मिनिटांत बेभान झालेले असतात. दोन वर्षं मीही त्यांतच होतो.

व्यायामाचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी एवढंच: आठवड्यात दोन दिवस जोराचे (आठ मिनिटांचे चार चढ, किंवा ४० सेकंद जोर आणि २० सेकंद सैल असं दहा वेळा), एक दिवस लांब आणि निवांत, एक दिवस फक्त वळणं आणि उतार. शेवटच्या आठवड्यात निम्मं. शर्यतीत बाटलीत साखर घातलेलं पाणी ठेवा, आणि मार्ग बघतानाच ठरवा की हँडल एका हाताने धरता येईल अशी सपाट जागा कुठे आहे. तिथे दर फेरीला प्यायचं, तहान लागो न लागो.

तुमच्या रिमची आतली रुंदी आणि हल्लीच्या टायरच्या कडेवर छापलेला आकार कळवलात, आणि तुमचं खरं वजन, तर सुरुवातीचा हवेचा आकडा मी आणखी नेमका सांगू शकेन. मार्गावर दगड जास्त आहेत की भुसभुशीत माती, तेही लिहा.