शाकाहारी माणसाला बी-१२ जेवणातून मिळतं की गोळ्या घ्याव्याच लागतात? आमच्या पणजीने तर कधीच घेतल्या नव्हत्या

तुमच्या प्रश्नातलं ते पणजीचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझे मामा प्रत्येक लग्नात, बारशात, जिथे भेटतील तिथे ऐकवतात. बी-१२ हे व्हिटॅमिन वेगळं काढता आलं तेच मुळी १९४८ साली, मग पणजीचं मोजलं कोणी होतं? म्हातारी माणसं पाय ओढत चालायची, विसरायची, जीभ लालभडक होऊन तिखट सहन व्हायचं नाही, आणि घरातले म्हणायचे वय झालं. त्यातल्या किती जणींना बी-१२ चीच कमतरता असेल कोणास ठाऊक.

माझी आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा घरात चालत नाही. शुगरमुळे कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू आणि दूध पोटात जायचं ते चहापुरतं. आधी नुसता थकवा होता, मग तळपायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा सगळ्यांनी शुगरवर ढकललं. मग चालताचालता चप्पल पायातून निसटायची आणि हिला पत्ताच नाही, तशीच एका पायाने अनवाणी पुढे जायची. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून अंघोळ करताना एका हाताने नळ घट्ट धरून ठेवायची. हे तिने आम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं, मीच एकदा बघितलं.

नेहमीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी बघून आयर्न आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. मामा बीट, खजूर, पालक पिशव्या भरभरून आणत होते. हिमोग्लोबिन वाढलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली, मामा खूश, "बघ, मी म्हणत होतो ना, खाण्यात सगळं असतं." आणि इकडे मुंग्या तळपायावरून गुडघ्यापर्यंत चढल्या होत्या.

इथे खरी गोम आहे आणि ती लोकांना कोणी सांगत नाही. फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ दोन्ही रक्ताच्या पेशी बनवायला लागतात, त्यामुळे बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड भरपूर दिलं तर रक्त बऱ्यापैकी सुधारतं, पण नसांवरचं आवरण सांभाळायला बी-१२ च लागतं, तिथे फॉलिक अ‍ॅसिड कामाचं नाही. रिपोर्ट छान आणि नसा आतून खराब होत राहतात. फॉलिक अ‍ॅसिडला मी नावं ठेवत नाहीये, गरोदर बायकांसाठी ते लागतंच. त्याचा शोधही आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, ल्युसी विल्स या डॉक्टर बाईंनी १९३० च्या आसपास गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवलं, त्यातून पुढे फोलेट सापडलं. पण एकाची जागा दुसरं घेत नाही.

शेवटी नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तो चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून आईच्या घोट्यावर ठेवला, विचारलं थरथर जाणवते का. आई म्हणाली, "गार लागतंय फक्त." तोच काटा छातीच्या हाडावर ठेवला तर दचकली. रक्तातलं बी-१२ तपासलं, रिपोर्टमध्ये २०० (पिकोग्रॅम प्रति मिली) च्या खाली म्हणजे कमी धरतात, आईचं शंभरसुद्धा नव्हतं. मग इंजेक्शनं सुरू झाली, ते औषध लालभडक असतं, त्यातल्या कोबाल्टमुळे. थकवा आणि जिभेची आग काही आठवड्यांत गेली. पाय मात्र पूर्ण सुधारले नाहीत, आजही ती जिना कठडा धरूनच उतरते. तो वेळ पालक-बीटमध्ये गेला याचा मला अजून राग आहे.

आता तुमचा प्रश्न. बी-१२ कुठलीच भाजी, फळ, डाळ बनवत नाही, ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात आणि आपल्यापर्यंत येतं ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. स्पिरुलिनाच्या जाहिरातीवर जाऊ नका, त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला वापरता येत नाही. इडली-डोशाच्या आंबवण्यावरही भरवसा नको. शाकाहारी माणसाकडे राहतं दूध, दही, ताक, पनीर. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम लागतं आणि तेवढ्यासाठी जवळपास अर्धा लिटर दूध पोटात जायला हवं, चहातलं मोजू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. याज्ञिकांच्या टीमने आजूबाजूच्या गावांतल्या गरोदर बायका तपासल्या, त्यात दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं, म्हणजे हे काही शहरातल्या लोकांचं फॅड नाही. लिव्हरमध्ये साठा असतो त्यामुळे खाणं कमी पडलं तरी वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, म्हणूनच "मला तर काही होत नाही" याला अर्थ नाही.

आणि मामा, तुम्ही हे वाचणारच आहात. गोळी म्हणजे विष म्हणता आणि रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल घेता, तीही कित्येक वर्षं. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं अ‍ॅसिडच लागतं. तुमच्याही हाताची बोटं सांध्यांवर काळी पडलीयेत, ते उन्हानेच असेल असं नाही. आईचं झालं तेवढं पुरे, तुम्ही तपासून घ्या.

हो, एक राहिलं, सगळ्यांनाच इंजेक्शन लागत नाही. बहुतेकांचं गोळीवर भागतं, काहींच्या पोटातून मात्र ते नीट शोषलंच जात नाही, त्यांचं वेगळं, ते डॉक्टर ठरवतील. फक्त टेस्टच्या आधी मेडिकलमधून आणून गोळ्या सुरू करू नका, रिपोर्टमध्ये आकडा वर दिसतो आणि आधी किती कमी होतं ते कळत नाही.